हुकुमावरून

शिरस्तेदारांनी माझ्या बापाला हाताने उठवलं नाही. रुळाने उठवलं.

कागदावर रेघा मारायचा तो गोल, काळा, लाकडी रूळ. त्याचं टोक बाच्या बरगडीला लावलं आणि ढकललं. ओलं गोणपाट काठीने बाजूला सारावं, तसं. बा कल्याणच्या मामलेदार कचेरीच्या पायरीवर बसलेला. सगळ्यात खालच्या पायरीवर. गुडघे धरून.

"मागे हो. खाडीचा वास मारतोय."

व्हरांड्यात बाकावर बसलेले दोघंतिघं हसले. बाही हसला. त्याला वाटलं, साहेब मस्करी करतायत. मग शिरस्तेदारांनी, म्हणजे कचेरीच्या मोठ्या कारकुनांनी, रूळ भिंतीवरच्या पाटीकडे नेला. "वाचता येतं? नाही ना? मग ऊठ."

तेव्हा मी पुढे झाले. मला वाचता येत होतं.

पाटीवरची तिन्ही कलमं मी खड्या आवाजात वाचली. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर कविता म्हणायचे तशी. वाचून झाल्यावर बाच्या दंडाला धरलं आणि म्हटलं, "बा, ऊठ. नियम हाय."

रूळ शिरस्तेदारांचा. पण बा उठला तो माझ्या सांगण्यावरून.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण घरात मी ही गोष्ट सांगते तेव्हा त्यात मी वाघीण असते. भाचरं टाळ्या पिटतात. वाघीण मी नंतर झाले. त्या दिवशी शेळीसुद्धा नव्हते. शेळीला निदान वाचता येत नाही.

मी चौथी पास. खाडीकाठच्या आमच्या गावात त्या काळी वाचणारी बाई म्हणजे दोन शेपट्यांची म्हैस. लोक बघायला यायचे. मीही काही कमी नव्हते. साबणाचा कागद वाचायचे. चहाच्या पुड्यावरचं वाचायचे. मिठाच्या गोणीवर छापलेलं असायचं तेही वाचायचे, आणि वाचून झाल्यावर इकडेतिकडे बघायचे, कुणी ऐकलं की नाही. छापलेलं असेल ते खरंच असणार, याविषयी मला शंका नव्हती. लिहिणारा शहाणा असल्याशिवाय लिहील कशाला?

लग्न होऊन मी मोहन्याला गेलेले. नवरा तिथल्या कारखान्यात बदली कामगार. तारखेच्या सोमवारी मी मोहन्याहून चालत यायचे, बा गावाहून होडीने यायचा, आणि आम्ही कचेरीपाशी भेटायचो.

काम साधं होतं. निदान आम्हाला तसं वाटायचं. कूळकायदा येऊन दोनतीन वर्षं झालेली. खाडीच्या कडेचं आमचं खाचर बाच्या बापाने खाऱ्या चिखलातून उभं केलेलं. भरतीचं पाणी अडवायला बांध घातला, बांधात लाकडी झडप बसवली. तिला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला ती उचलायची, आतलं पाणी जाऊ द्यायचं. भरतीला खाली सोडायची, खारं पाणी बाहेर ठेवायचं. दोन पिढ्या हेच केलं, तेव्हा त्या मातीने भात दिला. जमीन कागदोपत्री भाऊसाहेबांची. भाऊसाहेब कल्याणात राहायचे आणि आयुष्यात बांधावर दोनदा आलेले. दोन्ही वेळा छत्री घेऊन.

बाचा अर्ज होता, मी कूळ आहे. भाऊसाहेबांचं म्हणणं, हा माझा गडी आहे. कूळ ठरला तर त्याला कुणी हलवू शकत नव्हतं. गडी ठरला तर भाऊसाहेब म्हणतील त्या दिवशी निघायचं. एवढाच प्रश्न. तो मामलेदारांसमोर बाने तोंडाने सांगायचा होता. त्यासाठी आधी त्याला आत जायला मिळायला हवं होतं.

आणि आत जायचं कसं, ते पाटीवर लिहिलेलं होतं.

एक, वकील नसलेल्या पक्षकारांनी पुकारा होईपर्यंत फाटकाबाहेर थांबावे. दोन, पुकारा तीन वेळा होईल. तीन, तिसऱ्या पुकाऱ्यास हजर नसणाऱ्याचे काम काढून टाकण्यात येईल. आणि सगळ्यात खाली, जरा जाड अक्षरात, हुकुमावरून.

तो शेवटचा शब्द मी सगळ्यात मोठ्याने वाचायचे. हुकुमावरून! अंगावर काटा यायचा माझ्या.

फाटकाबाहेर चिंचेचं झाड. त्याच्याखाली बिनवकिलाची माणसं. शेजारी टांग्यांचा अड्डा. घोडे, घंटा, गाडीवानांची भांडणं. आम्ही तिथे उभे राहायचो आणि व्हरांड्याकडे बघायचो. वकीलवाले व्हरांड्यातल्या बाकावर. नवीन कुणी पायरीवर टेकलं की शिरस्तेदार फाटकाकडे बघून हाक मारायचे, "ए मास्तरीणबाई! वाचून दाखव याला."

मास्तरीणबाई धावत जायची.

खोटं कशाला सांगू, मला आवडायचं. एवढी मोठी कचेरी, आणि तिला माझी गरज लागते. एकदा शिरस्तेदार म्हणाले, "पोरगी हुशार आहे हो." मी घरी जाऊन नवऱ्याला ते तीन वेळा सांगितलं. कितीतरी म्हातारे मी त्या पायरीवरून उठवले असतील. एका बाईच्या कडेवर तापाने फणफणलेलं मूल होतं. तिलाही वाचून दाखवलं.  ती नुसती बघत राहिली माझ्याकडे. ती नजर अजून गेलेली नाही.

चारपाच तारखा काम निघालंच नाही. मग एका तारखेला आम्ही सकाळपासून चिंचेखाली. बाने दोन दिवस पाठ केलेलं, रावसाहेबांना, म्हणजे मामलेदारांना, काय सांगायचं ते. पुटपुटत होता. ऊन कलायला लागलं तेव्हा भाऊसाहेबांचे वकील फाटकातून बाहेर आले. रुमालाने मान पुसत. आमच्यापाशी थांबले. आवाज अगदी मायेचा.

"जा आता घरी. संपलं तुमचं."

"काय संपलं?" बा म्हणाला.

"काम. पुकारा झाला. तुम्ही नव्हतात."

बाने माझ्याकडे बघितलं. मी पाटीकडे.

काम काढून टाकल्याच्या कागदाची नक्कल मी पुढच्या आठवड्यात घेतली. एकच ओळ होती. अर्जदार गैरहजर, तीन पुकारे करण्यात आले, अर्ज काढून टाकला.

मी चौथी पास. छापलेलं, लिहिलेलं सगळं खरं मानणारी. मी वाचत होते की माझा बाप तिथे नव्हता. आणि बा माझ्या शेजारी उभा होता. त्याच चिंचेखाली, जिथे मीच त्याला उभं केलेलं.

"काय लिवलंय?" बाने विचारलं.

मला वाचता येईना. खरंच येईना. पहिल्यांदा.

चिंचेच्या बुंध्याशी एक अर्जनवीस बसायचे. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. म्हातारे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सगळे त्यांना काका म्हणत. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "काका, पुकारा झाला तर मना ऐकू कसा नाय आला?"

"कसा येईल? पट्टेवाला दारात उभा राहतो, तोंड आतल्या बाजूला. मामलेदारांना पुकारतो की तुम्हाला, देव जाणे. वकिलांचे कारकून बसलेले असतात दाराशी, ते ऐकतात."

"पण नियम..."

काकांनी टाक दौतीत बुडवला, आणि तसाच धरून ठेवला. "बाय, कायदा मुंबईला होतो. पण कचेरी चालवायची कशी, अर्ज किती वाजता घ्यायचे, पुकारा कुठून करायचा, हे जो तो आपापलं ठरवतो. ठाण्याला एक रीत, भिवंडीला दुसरी. ठरवावं. त्याला ना नाही. पण ठरवलेलं वर पाठवायचं असतं. मंजूर होऊन आलं की त्यावर सही हवी, शिक्का हवा, तारीख हवी. आणि कायद्याने जे हातात दिलंय, ते असल्या नियमाने काढून घेता येत नाही."

"मग ही पाटी?"

काकांनी आजूबाजूला बघितलं. टाकाची शाई कागदावर टपकली. "मी पाटीबद्दल काही बोललोच नाही," ते म्हणाले. "मी भिवंडीबद्दल बोलत होतो."

मी उठून पाटीपाशी गेले. इतक्या वेळा वाचलेली. तरी त्या दिवशी खालून वाचली. हुकुमावरून. त्याच्याखाली काही नव्हतं. नाव नाही. शिक्का नाही. लाकडाची फळी फक्त. आणि अक्षर ओळखीचं. आमच्या नकलेवर शिरस्तेदारांचं जे अक्षर होतं, तेच.

हुकुमावरून. कुणाच्या?

काढून टाकलेलं काम परत चालवा, असा अर्ज काकांनी लिहून दिला. मी आणखी एक अर्ज माझ्या हाताने लिहिला. कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. दोन्ही शिरस्तेदारांसमोर ठेवले. पहिल्यावर त्यांनी पुढच्या सोमवारची तारीख घातली आणि बाजूला टाकला. दुसऱ्यावर थांबले.

"नक्कल? कशाची?"

"पाटीची."

"पाटीची नक्कल कशाला हवी तुला? वाचतेस की रोज. तोंडपाठ असेल एव्हाना."

"तोंडपाठ हाय, साहेब. सही कुनाची ते पाठ नाय."

आतला टाकांचा आवाज थांबला. शिरस्तेदार हसले. इतकं गोड ते माझ्याशी कधी हसले नव्हते.

"नवरा मोहन्याला असतो ना तुझा?"

मी त्यांना हे कधीच सांगितलं नव्हतं.

बाहेर पडताना पट्टेवाला फाटकापर्यंत आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाय, परत येऊ नको. आमची पन पोरं हायत." आणि मागे फिरला. त्याने हे धमकी म्हणून सांगितलं की विनवणी म्हणून, मला आजवर कळलेलं नाही.

दोन दिवसांनी नवरा कामावरून भर दुपारी परत आला. भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

"मुकादमाने विचारलंन," तो म्हणाला, "बायको वकील झाली काय रे तुजी?"

"मग तुमी काय सांगितलंत?"

"बोललू, नाय साहेब, चौथी पास हाय."

मला हसू आलं. त्याला आलं नाही. बदलीच्या यादीत त्याचं नाव एकदम खाली गेलेलं. बोलावतील तेव्हा ये, म्हणाले.  मी म्हटलं, आता हा मला सांगणार, पुरे कर. त्याने कूस बदलली.

"अजून किती सोमवार हायत?"

"ठावं नाय."

"मग भाकरी जास्त बांधून ने. बाला भूक लागते."

पुढच्या सोमवारी बाचा परत चालवायचा अर्ज निघायचा होता. मी लवकर गेले. पाटीवर नवा कागद. कडेची खळ अजून ओली होती. जुनी तीन कलमं होती तशीच. खाली दोन नवी.

चार, नियमांची नक्कल मिळणार नाही. पाच, पक्षकाराच्या वतीने स्त्रियांनी कचेरीच्या आवारात येऊ नये. हुकुमावरून.

त्या अख्ख्या कचेरीत पक्षकाराच्या वतीने येणारी बाई एकच होती. घरात माझ्यासाठी म्हणून कुणी कधी वेगळं लुगडं घेतलं नव्हतं. इथे माझ्यासाठी म्हणून वेगळा नियम केलेला. मला हसावंसं वाटलं.  पण अर्ज टाकून आठवडा झाला नव्हता. इतक्या लवकर नियम होतो? मग पुढच्या आठवड्यात काय होईल? सहावं कलम कुणासाठी असेल?

तेवढ्यात बा आला. मांडीपर्यंत चिखल. तो कधीच असा येत नसे. कचेरीला यायचं म्हणून धुऊन यायचा. हातात दोराचा तुकडा.

"उघाडी कुनी तरी उचललीन," तो म्हणाला. "उधाणाचा पानी आत हाय. बांधापासून बांधापर्यंत. आता झडप खाली पडलेली हाय, उचलून पानी काढायला दोर नाय."

दोराचं टोक माझ्यासमोर धरलं. सरळ कापलेलं. झिजून तुटलेलं नव्हतं.

  खारं पाणी चार दिवस उभं राहिलं की माती मरते. भाऊसाहेब बांधावर दोनदाच आलेले. पण त्यांना एवढं माहीत असावं.

बा गुडघे धरून खाली बसला. पायरीवर. खालच्याच. त्याने मुद्दाम केलं नाही. पाय चालत नव्हते त्याचे. मी त्याच्या शेजारी बसले. हेही मी ठरवून केलं, असं घरात सांगते. ठरवून नाही केलं. माझेही पाय चालत नव्हते.

शिरस्तेदार दारात आले. रूळ हातात. आम्हाला बघितलं. बाच्या चिखलाकडे बघितलं. मग फाटकाकडे, चिंचेखालच्या माणसांकडे. वीसपंचवीस माणसं असतील. सगळी इकडेच बघत होती.

"वाच गं, मास्तरीणबाई," ते म्हणाले. "आज पाच आहेत. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच."

माझं तोंड उघडलं. सवयीने. पहिला शब्द जिभेवर आलासुद्धा.

मग मला दिसलं, हा माणूस स्वतः कधीच वाचत नाही. इतक्या महिन्यांत एकदाही नाही. रूळ दाखवतो, आणि वाचते मी. रूळ लावतो, आणि उठवते मी. त्या फळीला आवाज नव्हता. तिला आवाज मी दिलेला.

"मी नाय वाचनार," मी म्हटलं.

"काय?"

"तुमी वाचा, साहेब. खालून वाचा. हुकुमावरून लिवलंय. त्याच्याखाली नाव कुनाचं हाय, तेवढं वाचा. ते नाव ऐकू आलं की आमी उठतंव."

टांग्याचा एक घोडा खिंकाळला.  काकांनी दौतीला झाकण लावलं, चटई गुंडाळली आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले. मागे न बघता. मी त्यांना दोष देत नाही. त्या क्षणी जाता आलं असतं तर मीही गेले असते.

शिरस्तेदार पायऱ्या उतरले. रुळाचं टोक बाच्या बरगडीला लागलं. त्याच जागी. बाचं अंग हललं, उठायला निघालं. इतक्या वर्षांची सवय त्या अंगाला.

मी त्याच्या दंडाला धरलं. पहिल्या दिवशी धरलं होतं तिथेच.

"बा, बस."

बा बसला.

रूळ तसाच टेकलेला राहिला.   फाटकातून एक माणूस आत आला. मग ती, तापलेल्या मुलाची आई. या वेळी तिच्या कडेवर मूल नव्हतं. तिने मला काही विचारलं नाही, मीही तिला विचारलं नाही. ती आमच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. बाकीचे चिंचेखालीच राहिले. गोष्टीत मी सगळ्यांना आत आणते. आले दोघंच.

आवाज नाही म्हणून मामलेदार बाहेर आले असावेत. तरुण माणूस, सोनेरी काडीचा चष्मा. पायरीवरच्या चिखलाकडे बघितलं, रुळाकडे, मग पाटीकडे.

"ही कधीची?"

"आपल्याच हुकुमावरून, रावसाहेब," शिरस्तेदार म्हणाले.

मामलेदार पाटी पूर्ण वाचेपर्यंत उभे राहिले. ती पहिल्यांदा वाचत होते, की आपण ती वाचलेली कुणाला दिसू नये असं त्यांना वाटत होतं, मला कळलं नाही. मग म्हणाले, "या माणसाचा अर्ज आत घ्या." आणि गेले.

पाटी काढा, असं नाही म्हणाले.

काम परत चाललं. बाने आत जाऊन पाठ केलेलं सांगितलं, निम्मं विसरून. पुढे दीड वर्ष तारखा पडल्या, आणि बा कूळ ठरला. शिक्क्यानिशी, सहीनिशी. मी सही दोनदा वाचली. खाचरात तोवर मिठाचा पांढरा थर बसलेला. त्या मातीत नंतर कितीतरी वर्षं भात आला नाही. आपल्या जमिनीचं कूळ झालेला माझा बाप दुसऱ्याच्या मिठागरावर फावडं ओढायला जायचा. दोर कुणी कापला, याचा तपास कुठल्याच कागदावर नाही. नवऱ्याचं नाव यादीत वर आलं नाही.

एकदा मी बाला विचारलं, "पहिल्या दिवशी रूळ लावलान, तवा तुना राग नाय आला?"

तो तळपायाच्या भेगांतलं मीठ काढत होता. मान वर न करता म्हणाला, "त्याच्यासाठी मी उठलू नाय. पाच वेळा लावला असता रूळ तरी नसता उठलू. तू बोललीस नियम हाय, म्हनून उठलू. माजी पोर शिकलेली. तिला ठावं असेल, असं वाटला."

त्याने ते दुखवायला सांगितलं नव्हतं. म्हणून ते मनातून गेलेलं नाही.

मी आजही सोमवारी कचेरीत जाते. पाट्या बदलतात, शिरस्तेदार बदलले, एक कागद फाडला की दुसरा चिकटतो. खळ नेहमी ओलीच असते. चिंचेखालचे लोक मला हाक मारतात, काय लिवलंय ते सांग. मी आधी खाली बघते. नाव असेल, शिक्का असेल, तर सगळं वाचते, आणि त्यात आपल्या हातात काय येतं तेही सांगते. नाव नसेल तर एक अक्षर वाचत नाही. पायरीवर बसते. खालच्या नाही, वरच्या. पट्टेवाल्याने आत तोंड करून पुकारलं तर मी बाहेर तोंड करून पुकारते, फाटकापलीकडे जाईल असं.

मला उठवायचं असेल तर त्यांनी रूळ आणावा. आता माझ्या सांगण्यावरून त्यांच्यासाठी कुणी उठणार नाही.